सात आडवा, तीन अक्षरं

ज्या मासिकाला तुम्ही वर्षानुवर्षं पत्रं पाठवता, ते कुठल्या माडीवर बसून कोण काढतं, हे बघायला तुम्ही कधी गेला आहात का? मी गेलो. गेल्या मे महिन्यात, सुट्टीत, कोल्हापूरला. खरं तर मी भांडायला गेलो होतो. हे आधीच सांगितलेलं बरं.

मी भुसावळचा. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील कामगार संघटनेचे. मला अक्षरओळख झाली ती 'जाहीर निषेध' आणि 'प्रचंड संख्येने उपस्थित राहा' या दोन ओळींवर. सहा वर्षांपूर्वी वडील गेले आणि पत्रकं मी लिहायला लागलो. त्यांच्या पत्रकांवर त्यांचं नाव असायचं, माझ्या पत्रकांवर माझं असतं. दोघांच्याही पत्रकांच्या घड्या आईने घातल्या. आई घरी साड्यांना फॉल-पिको करते आणि दुपारी मशीन थांबलं की शब्दकोडं सोडवते.

'उभे-आडवे' हे फक्त शब्दकोड्यांचं मासिक कोल्हापुरातून निघतं. वाचकाने सोडवलेली चौकट कापून पोस्टकार्डावर चिकटवायची आणि पंधरा तारखेच्या आत पोचेल अशी टाकायची. जूनपासून मेपर्यंत बारा महिने ज्याची एकही चूक होत नाही, त्याचं नाव पुढच्या जूनच्या अंकात पहिल्या पानावर येतं. त्या यादीला 'बारमाही' म्हणतात. आईचे अकरा महिने पुरे झाले होते. तिने मला सांगितलं नव्हतं. कॅलेंडरवर दर महिन्याच्या कोपऱ्यात बरोबरची बारीक खूण दिसली, तेव्हा मी विचारलं. "एकदा नाव छापून आलं तर बरं वाटेल," एवढंच ती म्हणाली आणि दोरा ओवायला लागली.

मेच्या अंकात सातवा आडवा शब्द होता. 'हळदीकुंकवाला यांना बोलावत नाहीत. तीन अक्षरं.' अंक टेबलावर उघडा पडला होता आणि आईने त्या तीन घरांत पेनाने लिहिलं होतं: विधवा. इतर शब्द ती पेन्सिलने लिहिते.

मी शोधसूत्राचा आणि त्या तीन घरांचा फोटो काढला आणि त्याच दुपारी संपादकांना पत्र लिहिलं. 'आपण करमणुकीच्या नावाखाली एका क्रूर रूढीला व्याख्येचा दर्जा देत आहात' अशी त्याची सुरुवात होती. उत्तर आलं नाही. दुसरं पत्र लिहिलं, त्याचंही नाही. मग मी त्या पत्राचं पत्रक केलं, शंभर प्रती छापल्या आणि मासिकात दिलेल्या नंबरवर फोन लावला.

"नमस्कार. आपल्या कार्यालयाला भेट द्यायची होती. कोणती वेळ सोयीची?"

"कार्यालय?" पलीकडे एक बाई होत्या आणि त्यांच्या मागे काहीतरी धाडधाड कुटत होतं. "हाय की कार्यालय. सकाळी धा ते बारा कार्यालय, मग चटणी."

"मी भुसावळहून येणार आहे."

"मग जेवायलाच या की. अण्णा, भुसावळचं पावणं येतंय!"

अण्णा फोनवर आले. आवाज म्हातारा आणि स्वच्छ. मी नाव सांगितलं. "निषेधाची दोन पत्रं तुमचीच न्हवं? या. पण वीस तारखेनंतर या. त्याआधी मला तुमच्याशी बोलता येणार नाही." मी कारण विचारलं. "समक्ष सांगतो," म्हणाले आणि फोन ठेवला. मला ती टाळाटाळ वाटली.

कळंबा

सुहास माझा कॉलेजातला मित्र. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत काम करतो आणि कळंब्याला तलावाजवळ राहतो. दोन वर्षं तो मला बोलावत होता. मी शंभर पत्रकं घेऊन उतरलो, तेव्हा त्याने पिशवी उचलून बघितली. "भावा, सुट्टीला आलायस का मोर्चाला?"

तलावावर सकाळी माणसं चालायला येतात. मे महिन्यात पाणी बरंच मागे गेलेलं असतं आणि उघड्या पडलेल्या मातीला भेगा असतात, पण हवा आमच्या भुसावळच्या मानाने इतकी सौम्य की मी दोन दिवस टोपी घातली नाही. सुहासला याचं हसू आलं. त्याच्या मते फार उकडत होतं.

इथल्या बोलण्याची सवय व्हायला वेळ लागतो. माणसं रागावलेली नसताना मोठ्याने बोलतात. दूधवाला, रिक्षावाला, पेट्रोल भरणारा, प्रत्येकाने मला पावणं म्हटलं. आमच्याकडे अनोळखी माणसाला भाऊ म्हणतात. भाऊ म्हटलं की काम सांगता येतं, पावणं म्हटलं की खायला घालावं लागतं, एवढा फरक माझ्या लक्षात आला. आणखी एक गोष्ट मला पहिल्या दिवशी कानाची चूक वाटली होती. सुहासची आई म्हणाली, "मी बाजारातनं आलो, आता भाकरी टाकतो." इथल्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'आलो, गेलो, टाकतो' म्हणतात. मी सुहासला विचारलं, तर त्याला त्यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना.

गंगावेश

दुसऱ्या संध्याकाळी सुहास मला दूधकट्ट्यावर घेऊन गेला. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात, गवळी तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात. माणसं उभ्याउभ्या पितात, मिशा पुसतात आणि गप्पा मारत राहतात. मी कोमट कच्चं दूध कधी प्यायलो नव्हतो. अर्धा ग्लास झाल्यावर थांबलो. शेजारच्या पैलवानी बांध्याच्या गृहस्थांनी माझ्याकडे बघून सुहासला विचारलं, "पावण्यास्नी बरं न्हाय काय?" मी उरलेला ग्लास संपवला. पोटाने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निषेध नोंदवला.

त्यामुळे ठरलेली भेट एक दिवस पुढे ढकलावी लागली. मी तसा फोन केला. आधीच्याच बाई होत्या. "दूध पचलं न्हाय व्हय? ताक प्या, उद्या या. निषेध काय, उद्या बी करता येतोय."

डंकाच्या वर

शाहूपुरीच्या एका गल्लीत खाली चटणीचा डंक आणि वर 'उभे-आडवे' आहे. कोल्हापुरात चटणी म्हणजे वर्षभराचं लाल तिखट, कांदा-लसूण आणि मसाला घालून कुटलेलं. डंक म्हणजे ते कुटणारं यंत्र, ज्यात लोखंडी मुसळं पट्ट्यावर आपोआप वरखाली होतात. मे महिना चटणीचा. गल्लीत बायका डबे घेऊन नंबर लावून बसल्या होत्या. मी नाक्यावरच शिंकायला लागलो, आणि आईला दर महिन्याला अंक उघडताना शिंक का येते ते मला कळलं. आम्ही ती कागदाची धूळ समजत होतो.

डंकावर एक साठीच्या बाई होत्या. डोक्याला रुमाल, भुवयांपर्यंत तिखट. "भुसावळ का?" मी मान हलवली, बोलायला गेलो की शिंक येत होती. "मी सुशीलाक्का. अण्णा माझा थोरला भाऊ. चला वर." त्यांनी पट्टा बंद केला आणि खालच्या बायकांना ओरडून सांगितलं, "धा मिनिटं थांबा गं, पेपर तपासून येतो!"

वरची खोली एका टेबलाची. भिंतीला लाकडी कपाट आणि त्यात छोट्या खणांमध्ये शब्दांची कार्डं. अण्णा मूळचे गडहिंग्लजचे, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले, घरात कानडी बोलणारे. शिकवायला लागल्यापासून त्यांनी भेटेल तो शब्द कार्डावर लिहून खणात टाकला आहे. दर महिन्याला कार्डं टेबलावर मांडून ते चौकट जुळवतात. कॉम्प्युटरवर हे होतं, असं मी म्हटलं. "होतं की," ते म्हणाले. "पण कॉम्प्युटरला गडहिंग्लजचा बाजार माहीत नसतो. बसा."

मी बसलो नाही. उभं राहून बोलायचं ठरवून आलो होतो. मी पत्रक काढलं आणि वाचायला लागलो. पहिल्या वाक्यात दोनदा शिंकलो. 'रूढी' या शब्दावर तिसऱ्यांदा. अण्णांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मी पाणी प्यायलो, पुन्हा सुरुवात केली आणि शेवटपर्यंत गेलो. दोघं भावंडं शाळेत बसल्यासारखी हात बांधून ऐकत होती.

वाचून झाल्यावर अण्णांनी विचारलं, "झालं? आता आज बावीस तारीख, कार्डं तपासून झाली. आता मला बोलता येतं. सात आडव्याचं उत्तर 'पुरुष' आहे."

मी पत्रकाची घडी घातली.

"संक्रांतीला घरात हळदीकुंकू असतं. मला दुपारपासनं बाहेर काढतात. मी, शेजारचे दोघं, आम्ही तिघं म्हातारे पायरीवर बसलेलो. आत फराळ, बाहेर आम्ही. तिथं सुचलं मला ते. कार्डावर लिहून टाकलं."

"मग माझ्या पत्राला उत्तर का दिलं नाही?"

"काय लिहू उत्तरात? 'अहो, ते विधवा नव्हे, पुरुष आहे' असं? पंधरा तारखेच्या आत? तुमच्याच पत्त्यावरनं दर महिन्याला कार्ड येतं, म्हणजे घरात स्पर्धक आहे. कोडं फुटलं असतं की! माझ्या मासिकात आजवर एक शब्द फुटलेला नाही."

मी दोन आठवडे ज्याला मुजोरी समजत होतो, तो त्यांचा नियम होता. माझ्याकडेही नियम आहेत, म्हणून मला तो लगेच कळला. मी बसलो. हळदीकुंकवाला मला कधीच कोणी बोलावलेलं नाही आणि त्याचं मला कधी काही वाटलंही नाही. ते उत्तर मला सुचलं नव्हतं, आणि ते उत्तर मीच होतो.

"म्हणजे माझी आई चुकली," मी म्हटलं. "तिचे अकरा महिने बिनचूक आहेत."

अण्णांनी अक्कांकडे बघितलं. पोस्टकार्डं अक्का तपासतात. बरोबर उत्तरांची टोपली एक, चुकलेल्यांची दुसरी. चुकलेली कार्डं महिनाअखेर रद्दीत जातात. पण अक्का उठल्या, मिरच्यांच्या रिकाम्या पोत्यांमागून त्यांनी रबर लावलेला एक गठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवला.

"हे काय?" अण्णांनी विचारलं. त्यांनाही तो माहीत नव्हता.

"सात आडव्याला विधवा लिवल्यालं."

"इतकी?"

"व्हय. समदं बायकांचं अक्षर. फुली माराय गेलो, पर हात होईना. म्हणून ठेवलो बाजूला."

"मला सांगायचं नाहीस?"

"काय सांगू? कोडं तुझं बरोबरच हाय की." अक्का खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. "आणि मी कुठल्या तोंडानं सांगू? हळदीकुंकू मीच करतो न्हवं दरसाल. मागच्या गल्लीतल्या शांताला चटणी कुटायला बोलवतो, हळदीकुंकवाला न्हाय बोलवत. तुला पायरीवर बसून कोडी सुचत्यात."

त्या गठ्ठ्यात आईचं कार्ड सापडायला वेळ लागला नाही. पेनातली तीन अक्षरं दुरून दिसत होती. अण्णांनी चष्मा लावला आणि त्यांचं बोट 'वा' वर थांबलं. त्या घरातून एक उभा शब्द खाली जात होता. 'जमिनीला न टेकता चेंडू सीमेपार. चार अक्षरं.' षटकार. म्हणजे वरच्या घरात ष हवा. आईच्या कार्डावर 'वा' च्या खालची तीन घरं कोरी होती. मी फोटो काढला तेव्हा तीही कोरीच असणार. मी बघितलं नव्हतं.

आमच्या चाळीच्या मैदानात बाराही महिने क्रिकेट चालतं. आईच्या मशीनवर दोनदा चेंडू येऊन पडलेला आहे. मी तिथूनच तिला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"आई, मेच्या कोड्यात तुला षटकार आला नाही?"

"आला होता ना."

"मग लिहिला का नाहीस?"

"वरचं खोडावं लागलं असतं."

"वरचं पुरुष होतं."

"हो, नंतर लक्षात आलं. पण मी लिहिलं होतं तेही खरंच होतं ना रे. खरं लिहिलेलं कशाला खोडू? कुठे आहेस तू? एवढं काय कुटतंय?" खाली कोणीतरी कंटाळून पट्टा सुरू केला होता.

मी तिला कुठे आहे ते सांगितलं. ती म्हणाली, "भांडू नकोस त्यांच्याशी. म्हातारी माणसं असतील."

अण्णा फोनकडे वाकून म्हणाले, "ताई, नमस्कार. तुमचं नाव बारमाहीत घालता येत नाही बघा मला. उभं-आडवं जुळत नाही."

"घालूच नका," आई म्हणाली. "मला माहीत होतं कार्ड टाकताना. एक शब्द कोरा सोडून कोणी बारमाही होतं का?"

मी मध्ये बोललो. म्हटलं, शोधसूत्राला दोन उत्तरं निघत असतील तर तो शब्द बाद धरला पाहिजे, असा जगभर नियम आहे. असा नियम आहे की नाही हे मला ठाऊक नव्हतं. आईने मला नावाने हाक मारली आणि गप्प बसवलं. तिच्यासाठी मी बोलतोय असं मला वाटत होतं. तिने वर्षभर जे हवं म्हणून धरून ठेवलं होतं ते स्वतःच्या हाताने सोडून दिलं होतं, आणि मी ते तिला परत मिळवून द्यायला निघालो होतो, तेही खोट्या नियमाने.

फोन ठेवल्यावर अक्कांनी जेवायला वाढलं. भाकरी, वांग्याची भाजी, दही, आणि खालची नवी चटणी तेल घालून. आमच्याकडे खानदेशात तिखट खातात, असा माझा समज होता. जेवताना मध्येच उठून अण्णांनी खणातून एक कोरं कार्ड काढलं, काही लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मला दाखवलं नाही. "उत्तर फुटतंय," म्हणाले. तेव्हा ते हसत होते की नाही ते मला सांगता येणार नाही.

निघताना अक्कांचं लक्ष माझ्या पिशवीकडे गेलं. "ही कागदं परत न्हेणार काय?" मी नाही म्हटलं. त्यांनी एक पत्रक घेऊन उलटं केलं. "पाठकोरी हायत. डब्याच्या झाकणाखाली घालायला बरी." मी शंभरही दिली. गल्लीत बसलेल्या बायकांच्या डब्यांत, चटणीच्या वर, माझा जाहीर निषेध दाबून बसवला गेला. एका बाईने तो उलटून वाचायला घेतला आणि शेजारणीला कोपराने ढोसलं. काय म्हणाली ते डंकाच्या आवाजात ऐकू आलं नाही.

भुसावळ

परत आल्यावर मी आईला एक प्रश्न विचारला. जानेवारीत आमच्या चाळीतल्या किती बायकांच्या साड्यांना तिने फॉल लावला? "सगळ्यांच्या," ती म्हणाली. "संक्रांत असते ना." कुठल्या साडीवर कुठलं ब्लाउज शोभेल हेही तिनेच सांगितलं होतं. मी तेव्हा घरातच होतो. बहुधा पत्रक लिहीत होतो.

जूनचा अंक आला. पहिल्या पानावर बारमाहीची यादी होती, तीत आईचं नाव नव्हतं. शेवटच्या पानावर मेच्या कोड्याची उत्तरं होती आणि सात आडव्याखाली चौकटीबाहेर दोन ओळी होत्या. माझ्या माहितीप्रमाणे अण्णांनी उत्तराखाली कधी काही लिहिलेलं नाही.

'पुरुष. पुष्कळ भगिनींकडून आलेलं दुसरं उत्तर: विधवा. हे उत्तर कोड्यात बसत नाही. गावात बसतं.'

आईने ते वाचलं. शिंकली. मग पान उलटून जूनचं कोडं घेतलं आणि पेन्सिलला टोक केलं. बारा महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायचे आहेत.

निषेध मी पुष्कळ छापले. हे लिहितोय ते एका साध्या विनंतीसाठी. पुढच्या हळदीकुंकवाची यादी तुमच्या घरात होईल, तेव्हा ज्या बाईचं नाव कोणीच घेणार नाही, ते तुम्ही घ्या. तुम्ही पुरुष असाल तर हे बायकांचं काम म्हणून बाहेर पायरीवर जाऊन बसू नका, आधी नाव सांगा आणि मग बसा. निरोप धाडू नका, फोन करू नका. तिच्या दाराशी जा आणि तिला तिच्या नावाने बोलवा.